झाडाचं पंचांग : मेळघाटातल्या ऋतुकारागिरीची प्रस्तावना

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा फुलांची मांडणी शिकायला हौशी मंडळी गर्दी करतात. मुंबईच्या राणीबागेतही फुलांचा असाच सोहळा होतो. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या वनस्पती उद्यानांत डिसेंबर आला की सदाहरित फांद्यांची गोल तोरणं बांधायला शिकवतात, वसंतात पानाफुलांचे ठसे घ्यायला आणि शरदात वाळक्या शेंगा-फळांची आरास करायला. माणसाने झाडाजवळ यावं, हाताने काही करावं आणि जाताना त्या झाडाचं नाव लक्षात ठेवावं, हा त्यामागचा हेतू असतो आणि तो चांगला आहे. या पुस्तिकेचा विषयही ऋतूनुसार झाडपाल्यापासून काही घडवणं हाच आहे, पण तिची जागा वेगळी आहे. ती जागा म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, मेळघाटातला धारणी तालुका.

अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाटरस्ता उतरत गेलं की सुमारे दीडशे किलोमीटरवर धारणी येतं. पलीकडे तापी आणि तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. इथे कुंपण घातलेलं, झाडाझाडाला पाटी लावलेलं उद्यान नाही. तशी पाटी बघायची तर अमरावती शहराला लागून असलेल्या वडाळीच्या बांबू उद्यानात जावं. वनखात्याने तिथे देशातल्या निरनिराळ्या भागांतले बांबू एका आवारात लावून ठेवले आहेत, आणि मेळघाटात जाण्याआधी अर्धा दिवस तिथे घालवावा असं मी प्रत्येकाला सांगतो. जाड-बारीक, पोकळ-भरीव, काटेरी-गुळगुळीत असे बांबू शेजारी शेजारी पाहिले की पुढे जंगलात डोळा तयार राहतो. पण वडाळीत झाड ओळखता येतं. ते झाड कोणत्या महिन्यात काय देतं आणि कधी हात लावू देत नाही, हे कळायला धारणीच्या बाजूलाच यावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. झाडपाल्याच्या कारागिरीत हाताचं कौशल्य अर्धं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे वेळ ओळखणं. कुठली काठी कधी तोडायची, कुठलं पान कधी खुडायचं, कुठलं फूल जमिनीवर पडण्याची वाट बघायची, हे ज्या कार्यशाळेत शिकवलं जात नाही, तिथून माणूस एक शोभेची वस्तू घेऊन घरी जातो, विद्या घेऊन जात नाही. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी माणसाला हे पंचांग तोंडपाठ असतं. या पुस्तिकेतले ऋतुवार धडे त्याच पंचांगाच्या आधाराने मांडले आहेत.

सुरुवात बांबूपासूनच करायला हवी, कारण धारणीचं नाव महाराष्ट्रभर पोचवलं ते बांबूने. मेळघाटात सगळीकडे दिसतो तो मानवेल बांबू. साधारण आठ ते सोळा मीटर उंच, जाडीला मनगटाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक आणि जवळजवळ भरीव. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की बेटाच्या कडेने कोंब वर येतात. कोंब ज्या जाडीचा निघाला त्याच जाडीचा बांबू होतो, पुढे तो घेराने वाढत नाही. उंचीही तो पहिल्याच पावसाळ्यात गाठतो. पण उंची गाठली म्हणजे काठी तयार झाली असं नव्हे. ती आतून पक्की व्हायला तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार असते, पेरांना पापुद्रे चिकटलेले असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते. तिसऱ्या वर्षी चकाकी जाते, रंग उतरतो, ठिकठिकाणी डाग पडतात, आणि कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकली तर आवाज टणक येतो. बेटात उभं राहून काठीचं वय सांगता येणं हा या विद्येचा पहिला धडा आहे. कोयता हातात घेणं त्यानंतरचं.

पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत. बेटात पाय ठेवला की कोवळे कोंब मोडतात, म्हणजे पुढच्या तीन-चार वर्षांचा माल मोडतो. शिवाय त्या दिवसांत काठीत पाणी फार असतं आणि किडीचा जोरही मोठा असतो. पाऊस सरला, कोंब उंचीला पोचले की बेटाने साठवलेलं स्टार्च बरंचसं त्या वाढीत खर्ची पडलेलं असतं. बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला हवं असतं ते हेच स्टार्च. म्हणून तोडणीचे दिवस दिवाळीनंतरचे, थंडीचे. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात आणि बरेच कारागीर ते आजही पाळतात. तोडताना बेटाच्या मधल्या जुन्या काठ्या काढायच्या, कडेच्या नव्या राखायच्या. मधे शिरायला एका बाजूने वाट करायची, म्हणजे वरून पाहिलं तर बेट घोड्याच्या नालासारखं दिसतं. मग काठ्या तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात ठेवायच्या किंवा बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायच्या, आणि सावलीत उभ्या वाळवायच्या. एवढं झाल्यावर कामट्या काढायला बसायचं. श्रावणात मनगटावर बांधायच्या राखीसाठी बांबू आदल्या हिवाळ्यातच तोडून ठेवावा लागतो, हे एकदा ध्यानात आलं की बाजारातल्या वस्तूकडे बघायची नजर बदलते.

राखीचं नाव मुद्दाम घेतलं. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी १९९०च्या दशकात सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. त्या दशकात मेळघाटचं नाव वर्तमानपत्रांत येत होतं ते कुपोषणाने दगावणाऱ्या मुलांच्या बातम्यांतून. शेती पावसाची, ती चार महिन्यांत संपायची, आणि मग कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडायची. घराभोवती बांबू उभा असताना माणसाला रोजीसाठी गाव सोडावं लागतं, ही विसंगती या दांपत्याला टोचली आणि त्यांनी त्या बांबूलाच रोजगार करायचं ठरवलं. त्यांच्यामागे नागपूरच्या विनू काळे यांची प्रेरणा होती. बांबूवर निस्सीम प्रेम करणाऱ्या या माणसाने ‘वेणू भारती’ नावाचा ग्रंथ लिहिला, आणि भारतातल्या बांबूसंस्कृतीची ओळख करून घेणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. लवाद्यात टोपल्या-सुपांपासून दिवे, खुर्च्या, दागिने, झोपाळे आणि राहती घरंसुद्धा बांबूची झाली. ‘सृष्टीबंध’ या नावाने निघालेल्या बांबूच्या राख्यांनी मेळघाटातल्या बायकांच्या हातचं काम शहरातल्या घराघरांत नेलं.

२०२१च्या मे महिन्यात कोविडने सुनील देशपांडे गेले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मेळघाटात मुरलेला माणूस गेला की पोकळी भरत नाही. पण निरुपमाताई आणि गावातल्या कारागिरांनी काम थांबू दिलं नाही, हे आवर्जून नोंदवायला हवं. या पुस्तिकेतला एकही बांबूचा धडा असा नाही की ज्यावर लवाद्याचं ऋण नाही.

एक जुनं ऋणही आहे. महाराष्ट्रात बांबूचं काम पिढ्यानपिढ्या केलं ते बुरूड समाजाने. बाराव्या शतकातले बसवेश्वरांच्या काळचे शरण मेदार केतय्या हे बुरूडकाम करणारे संत, आणि समाज त्यांना आजही आपलं मानतो. शेतकऱ्याची कणगी, धान्य पाखडायचं सूप, भाकरीची दुरडी, फुलांची परडी, कोंबड्या झाकायचं डालं, लग्नाच्या वाणातल्या सुपल्या, आणि शेवटी तिरडीही, हे सगळं बुरुडाच्या हातचं. वऱ्हाडातलं एकही घर या हातांशिवाय चाललेलं नाही. तरीही या कामाला प्रतिष्ठा मिळाली नाही आणि प्लास्टिकची टोपली आल्यावर उरलीसुरली मागणीही गेली. आज शहरात बांबूच्या दिव्याची शेड हजार-दोन हजारांना विकली जाते आणि तेच कौशल्य वापरून विणलेल्या सुपासाठी गिऱ्हाईक घासाघीस करतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं. कार्यशाळेला येणाऱ्याने पहिल्या दिवशी दिव्याला हात न लावता सूप विणायला बसावं, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सुपाचा तळ आणि काठ ज्याला जमला, त्याला पुढचं काही अवघड जात नाही.

बांबूच्या कायद्याची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण कारागिराचं पोट तिच्यावर अवलंबून राहिलं आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. वनस्पतिशास्त्राने बांबूला गवत ठरवलं होतं, पण कायद्याने त्याला झाड मानलं, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलासुद्धा परवान्याचे हेलपाटे पडले. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. त्या हक्काचा पहिला मोठा वापर २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने केला आणि ग्रामसभेने स्वतःचे वाहतूक परवाने देऊन बांबू विकला. २०१७ साली व्याख्येतून बांबू काढला गेला आणि वनाबाहेर लावलेला बांबू मोकळा झाला. हस्तकलेच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. मेळघाट १९७४पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यातलं पानसुद्धा तोडायचं नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. कारागिरीसाठी बांबू हवा तर तो बांधावर, परसात, आणि गावाच्या सामूहिक हक्काच्या जंगलात लावून, राखून मिळवायचा. म्हणून या पुस्तिकेत पावसाळ्याचा धडा विणकामाचा नाही, लागवडीचा आहे.

बांबूला फुलोरा येतो तो एकदाच. मानवेलाला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांनी. एकाच भागातली बेटं जवळपास एकदम फुलतात, बी धरतं आणि बेट वाळून जातं. मिझोरममध्ये तिथला बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. बियांवर उंदीर माजतात आणि मग पिकांवर तुटून पडतात. १९५८-५९ साली त्यातून दुष्काळ पडला आणि त्याच्या असंतोषातून १९६६चं मिझो बंड उभं राहिलं. एका फुलाने राजकारण हलवल्याची ही गोष्ट पुष्परचनेच्या कार्यशाळेत सांगावी असं मला वाटतं. फुलं म्हणजे सजावट, एवढ्यावर आपली समज थांबू नये.

आता फुलांकडेच वळू. फाल्गुनात धारणीच्या आसपासचं माळरान पळसाने पेटतं. होळी हा कोरकूंचा वर्षातला मोठा सण. मजुरीला गेलेली माणसं त्यासाठी कुठूनही परत येतात, आणि बाजाराला वर्षभरात नसते एवढी गर्दी होते. पळसाची फुलं सावलीत वाळवून, रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुना घातला की तो अधिक गडद होतो. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून घेतलं तर रंग धरून ठेवतं. याच पळसाची पानं चोयांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण होतात. त्यासाठी पान जून व्हावं लागतं, कोवळ्या पानांची पत्रावळ वाळताना आक्रसते आणि टाचे सुटतात. पोळ्याला वऱ्हाडातल्या घरांच्या दाराशी पळसाचेच मेढे, म्हणजे फांद्या, ठेवतात. एकच झाड फाल्गुनात रंग देतं, लग्नसराईत ताट देतं आणि पोळ्याला दार सजवतं. वऱ्हाडाने एक झाड मानायचं ठरवलं तर माझं मत पळसाला आहे.

मोहाचं तंत्र वेगळं. त्याचं फूल खुडत नाहीत. चैत्राच्या आसपास पहाटे ते आपोआप गळतं, मांसल, फिकट पिवळं आणि गोड वासाचं. सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. पडलेली फुलं पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि उन्हाळ्यातले कितीतरी वणवे या लहानशा आगीतून पसरतात. झाडाखालची जागा झाडून घेतली किंवा जाळी अंथरली तर आगीची गरज राहत नाही आणि फूलही स्वच्छ मिळतं. मोहावरचा आमचा धडा इथूनच सुरू होतो. फुलं वाळवणं, पाखडणं, त्यांचे लाडू करणं आणि साठवणीसाठी बांबूची कणगी सारवणं हे सगळं त्यानंतर. पावसाच्या तोंडाशी टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल निघतं, तेव्हा हेच झाड पुन्हा एकदा हाताला काम देतं.

तालुक्याच्या खाली, वऱ्हाडच्या काळ्या मातीत आलं की जंगलाच्या जागी पिकं येतात आणि कारागिरी पिकाबरोबर चालते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई-भुलोजींच्या मूर्ती मांडतात. कोजागरीला भुलाबाई-भुलोजींवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो. याच धांड्यांच्या मुलं बैलगाड्या करत. धांडा सोलून आतला मऊ गाभा काढायचा, सालीच्या काड्यांनी जोडायचा, खिळा नाही की डिंक नाही. पण गेल्या काही दशकांत वऱ्हाडातली ज्वारी फार घटली. तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीनला मखर उभारण्याजोगा धांडा नसतो. आज शहरात राहणाऱ्या आईला मखरासाठी पाच धांडे शोधत फिरावं लागतं. कुठलं पीक पेरायचं याचा निर्णय बाजार घेतो, आणि त्या निर्णयाने मुलींच्या एका सणाचं सामान नाहीसं होतं. परंपरा टिकवण्यावर भाषणं करणाऱ्यांनी या धांड्याचा विचार केला पाहिजे. ज्वारी परत आली तर मखर परत येईल. नुसती कार्यशाळा भरवून ते होणार नाही, तरी निदान प्रत्येक शाळेने आवारात चार ओळी ज्वारी पेरावी, एवढं तरी सहज शक्य आहे.

दसऱ्याच्या आपट्याचाही विचार केला पाहिजे. सोन्याच्या नावाखाली फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि आपटा ओळखता येत नसल्याने कांचनाचीही छाटणी होते. एक पान दिलं तरी सोनं दिल्यासारखंच आहे. शिंदीच्या पानांचे फडे, हरतालिकेची पत्री, कोरकूंच्या स्मृतिस्तंभांवर कोरलेले चंद्र-सूर्य आणि घोडे यांचा परिचय पुढे यथास्थान येईल. त्यातलं शेवटचं काम हौसेने शिकण्याचं नाही. ते मृतांच्या स्मरणाचं आहे, आणि त्याकडे आदराने पाहून बाजूला उभं राहावं.

कार्यशाळा भरवणाऱ्यांसाठी काही सांगायचं आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. शिकवणारा कारागीर हा या कार्यक्रमाचा गुरू आहे, प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलेला मजूर नव्हे. पत्रकावर त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव छापा. त्याची रोजी शहरातल्या प्रशिक्षकाइतकीच द्या, आणि कार्यशाळा संपल्यावर त्याच दिवशी द्या. कोरकू बाई शिकवत असेल तर तिला तिच्या भाषेत बोलू द्या. दुभाषी ठेवा, पण तिचं बोलणं तोडू नका. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, म्हणजे शासनानेही या विद्येला शिक्षणाची जागा दिली आहे. आता त्या विद्येच्या जाणकारांना शिक्षकाचा मान देणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

वाचकाला विनंती एवढीच. धारणीला या, आणि पंचांग बघून या. लागवड शिकायची तर आषाढात या, तोडणी आणि विणकाम शिकायचं तर दिवाळीनंतर, रंग आणि मोह बघायचा तर होळीपासून पुढे. गाभ्याच्या जंगलातून काहीही उचलू नका. वस्तू घेताना ती कोणी केली ते विचारा आणि सांगितलेली किंमत द्या. आणि घराजवळ हातभर मोकळी जागा असेल तर येत्या पावसाळ्यात तिथे मानवेलाचं एक रोप लावा. पहिली काठी तोडायला काही हिवाळे जावे लागतील, तोपर्यंत ही पुस्तिका वाचून व्हायला हरकत नाही.